दिवाळीनंतरचं पाणी

उत्साही : डहाणू-तलासरीला कोरडा मुलूख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका गुंठ्यावर हिशोब केला तर तो दोन लाख लिटरच्या घरात जातो. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटरचं. पाच माणसांच्या घराला ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत साधारण 66 हजार लिटर लागतील, म्हणजे एका गुंठ्यावर पडलेल्या पावसाचा तिसरा हिस्सा. तरी एप्रिल उजाडला की पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात आणि टँकरच्या फेऱ्यांची मागणी सुरू होते. याच्या पाचव्या हिश्श्याइतक्या पावसात, पाणी अडवून, घाटावरचं हिवरे बाजार गाव उभं राहिलं. मग इथे अडलंय कुठे? पाणी अडवायची कामं झाली नाहीत, किंवा झाली ती नीट झाली नाहीत. दुसरं कारण मला दिसत नाही.

शंकेखोर : तुमच्या गणितात पाऊस आहे, खडक नाही. हा सगळा बेसॉल्ट. त्याच्या झिजलेल्या थरात पाणी मावतं ते आकारमानाच्या शेकडा एक ते तीन. दहा मीटर जाडीचा थर पूर्ण भरला तरी त्यात 100 ते 300 मिलिमीटर पाऊस बसला. बाकीचा जाणार कुठे? माठच लहान असेल तर त्यावर घागरी ओतून काय उपयोग? हिवरे बाजारात पाऊस कमी आणि माठ रिकामा, त्यामुळे अडवलेला थेंब मुरत होता. इथे जुलै संपायच्या आत माठ काठोकाठ भरतो. त्यानंतर तुम्ही कितीही चर खणा, पाणी वरून वाहूनच जाणार. आणि भरलेला थरही उतारावरचा. तो पाणी धरून बसत नाही, खालच्या ओहोळांतून सोडत राहतो. घाटावरच्या योजनेचा कागद तसाच्या तसा इकडे आणला की हे असं होतं. 'जलयुक्त शिवार'वर नऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला आणि 2020 साली कॅगने सांगितलं की भूजलाच्या पातळीवर फारसा परिणाम दिसत नाही. ते राज्यभराचं चित्र होतं. इथे तर मुळातला प्रश्नच वेगळा आहे.

उत्साही : तुम्ही माझंच म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. पावसाळ्यात पाणी अडवून इथे उपयोग नाही, हे मलाही मान्य आहे. पण तुम्ही आत्ताच म्हणालात, तो थर ओहोळांतून पाणी सोडत राहतो. कधीपर्यंत? पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीला थांबतो आणि बरेच ओहोळ डिसेंबर-जानेवारीपर्यंत वाहतात. हे पाणी गढूळ नसतं, त्याला लोंढ्याचा जोर नसतो. त्याला अडवायला धरण नको, सिमेंटचा कट्टाही नको. रिकाम्या सिमेंटच्या गोण्या घ्यायच्या, माती-वाळूने भरायच्या, तोंडं शिवायची आणि ओहोळात आडव्या रचायच्या. झाला वनराई बंधारा. शंभर-दीडशे गोण्या आणि एक-दोन दिवसांचं श्रमदान. पुढच्या पावसात तो वाहून गेला तरी गाळ साचून नाला उथळ होण्याची भीती नाही, हा त्याचा गुणच समजा. अशा एका बंधाऱ्यावर काठच्या चार-सहा घरांचा वाल होतो, हरभरा होतो, वांगी-मिरची होते.

आणि हे नुसतं कागदावरचं बोलत नाही मी. बाएफ या संस्थेने 1982 साली गुजरातच्या वांसद्यात वाडी सुरू केली, आंबा आणि काजू, एकेक एकराची. पुढे तीच पद्धत जव्हारकडे आली. उतारावर प्लास्टिक अंथरलेले छोटे जलकुंड, त्यातलं काही हजार लिटर पाणी हंड्याने रोपाच्या मुळाशी. पहिली दोन-तीन वर्षं झाड जगवलं की पुढे ते आपलं आपण सावरतं. जव्हार-विक्रमगडच्या मोगऱ्याचंही तेच. कळी पहाटे खुडायची, दादरच्या फूलबाजारात पाठवायची आणि पैसा रोजच्या रोज हातात. डहाणूला तर रेल्वे दारातून जाते. हे इथे का होऊ नये?

शंकेखोर : मोगऱ्याचं नंतर बोलू. आधी गोण्यांचं. बंधारा कधी बांधायचा म्हणालात?

उत्साही : पाऊस ओसरल्याबरोबर. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. उशीर झाला तर तेवढं पाणी निघून गेलं.

शंकेखोर : बरोबर तेव्हाच भात कापणीला येतं. कापणी, भारे बांधणं, खळं, झोडणी, सगळं त्याच तीन-चार आठवड्यांत. त्यातच दिवाळी. आणि दिवाळीच्या आगेमागे पाड्यावर कोण येतं? वीटभट्टीचा मुकादम. बयाणा त्याने आधीच देऊन ठेवलेला असतो. कुणाच्या घरात आजारपण झालं तेव्हा, कुणाच्या लग्नात, कुणाचं आवणीच्या दिवसांत घरातलं धान्य संपलं तेव्हा. झोडणी उरकली की जोडपी पोरांसकट वसई-भिवंडीच्या भट्ट्यांवर. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे तर त्याआधीच गेलेले असतात, पाऊस ओसरायच्या सुमारास. ओखा, पोरबंदर, वेरावळ. त्यांतले काही पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकले, त्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तलासरीची तरुण पोरं उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत, सकाळी जाऊन रात्री येणारी. मग गोण्या भरणार कोण? म्हातारी माणसं? तुमचा बंधारा ज्या आठवड्यात बांधायला हवा, त्याच आठवड्यात गावातले हात निघून जातात. पाणी आणि माणूस, दोघेही एकाच वेळी डोंगर उतरतात.

उत्साही : पण ते जातात का, याचंच उत्तर बंधाऱ्यात आहे! भाताच्या पैशावर फेब्रुवारी गाठता येत नाही म्हणून जातात. दुसरं पीक असेल तर राहतील.

शंकेखोर : असेल *तर*. पहिल्या वर्षी ते पीक नसतं. मोगऱ्यालाही नीट फूल यायला वेळ लागतो, आंब्याला तर चार-पाच वर्षं. आणि मुकादम पैसे आधी देतो. तुमचा वाल तीन-साडेतीन महिन्यांनी देणार, रोजगार हमी काम झाल्यावर पंधरा दिवसांत देणार, तेही नियमाप्रमाणे झालं तर. ज्याच्या घरात भाद्रपदातच पैसे संपलेत त्याला या तीन तारखांपैकी एकच परवडते.

(इथे उत्साही थोडे थबकले, हे नोंदवायला हवं. लेखकालाही वाटतं की पाण्याच्या बहुतेक आराखड्यांत खडक असतो, उतार असतो, पाऊस असतो, पण मुकादमाची तारीख नसते.)

उत्साही : ठीक. मजुरीच्या तारखेचं मानतो. पण म्हणून पाण्याचं काम थांबवायचं का? उलट मी म्हणेन, रोजगार हमीनेच बंधाऱ्याला पैसे द्यावेत, श्रमदानाची भाषा सोडावी. श्रमदान पोट भरलेल्यांनी करावं. शहरातून गाडी घेऊन येणाऱ्यांनी एक रविवार गोण्या भराव्यात, हरकत नाही. पाड्यावरच्या माणसाला दिवसाची मजुरी मिळालीच पाहिजे.

शंकेखोर : इथे आपलं जमलं. आता पाण्याकडे येऊ. बंधाऱ्याचं पाणी टिकतं किती? उघड्या पाण्यावरून दिवसाला 5 मिलिमीटर जरी वाफ झाली, तरी डिसेंबर ते मे सहा महिन्यांत 900 मिलिमीटर जातात. तुमच्या गोण्यांमागे पाणी असतं जेमतेम मीटरभर. त्यात गुरं पाणी पितात, कुणी इंजिन लावतं, खालून पाझर चालूच. फेब्रुवारी संपता संपता तळ दिसतो. बाईच्या डोक्यावरचा हंडा मे महिन्यातला आहे. त्याला तुमच्या बंधाऱ्याचा उपयोग नाही.

उत्साही : वरून वाफ होते हे खरं, पण खालून जे पाझरतं ते सगळं वाया जात नाही. काठची विहीर महिनाभर जास्त टिकते.

शंकेखोर : काही ठिकाणी टिकते, काही ठिकाणी नाही. खडकाच्या फटी कुठून कुठे जातात हे पाड्यापाड्याला वेगळं. डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या आसपास नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले, घरांच्या भिंतींना तडे गेले. तेव्हा भूशास्त्रज्ञांकडून अशीही मांडणी झाली की पावसाचं पाणी फटींतून खोल उतरत असावं आणि धक्क्यांचा त्याच्याशी संबंध असावा. मला भूकंपावर बोलायचं नाही. इतकंच म्हणायचंय की जमिनीच्या पोटात पाणी कुठे जातं याची पाड्यावरची मोजणी जवळजवळ नसताना आपण 'मुरलं' म्हणून मोकळे होतो. चार विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी लिहून ठेवायला एक दोरी आणि एक वही लागते. तेवढं तरी बंधाऱ्याआधी व्हायला हवं.

उत्साही : ती वही मी स्वतः आणून देईन. पण तुमच्या बोलण्यातून मला एक गोष्ट स्पष्ट झाली. आपण दोन पाण्यांची गल्लत करतोय. एक जानेवारीचं पाणी. ते पिकाचं. ते लागतं पुष्कळ, पण ते ओहोळात असतंच, फक्त दोन-तीन महिने धरायचं असतं. दुसरं मे महिन्याचं, पिण्याचं. ते लागतं थोडं, घराला आठ महिन्यांचं मिळून 66 हजार लिटर, पण सगळ्यात जास्त काळ धरावं लागतं आणि झाकून धरावं लागतं. योजना या दोघांना एकाच कागदावर मांडतात. मग बंधारा बांधून टँकर बंद झाला नाही की बंधारा फसला म्हणतात, आणि नळ आला की शेतीचं काय म्हणून विचारतात. झऱ्याभोवती झाकलेली टाकी हे एक काम. ओहोळावर बंधारे हे दुसरं. त्यांच्या कसोट्याही वेगळ्या हव्यात.

शंकेखोर : हे मांडणं मला आवडलं. पण जानेवारीचं पाणी पिकाला मिळालं, तर कुणाच्या पिकाला? ओहोळाच्या काठाला खाचरं कुणाची आहेत, बघा. ज्याची जमीन सखल, त्याच्याकडे भातही चांगलं येतं. वरच्या वरकस माळावर नागली-वरई पिकवणाऱ्याकडे, वनपट्टा मिळालेल्याकडे किंवा अजून दाव्याच्या फायलीत अडकलेल्याकडे पाणी चढवायला इंजिन हवं, पाइप हवा, वीज हवी. तुमच्या बंधाऱ्यावर सगळ्या पाड्याने गोण्या रचल्या आणि दुसरं पीक घेतलं चौघांनी, तर पुढच्या वर्षी उरलेले का येतील?

याचं उत्तर महाराष्ट्रात कधीच दिलं गेलंय. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणशी. डोई अर्धा एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा आणि उसाला बंदी. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या वाट्याचं पाणी दुसऱ्याच्या जमिनीवर, वाट्याने. पन्नास वर्षं झाली. आपण तिचं कौतुक खूप करतो, तिचा नियम मात्र फार थोड्या ठिकाणी लावतो.

उत्साही : इथे तो लावणं पुरंदरपेक्षा सोपं आहे, कारण कायदा बाजूने आहे. डहाणू आणि तलासरी पाचव्या अनुसूचीतले तालुके. 1996 चा पेसा कायदा लहान जलसाठ्यांचं नियोजन योग्य पातळीवरच्या पंचायतींकडे सोपवतो आणि राज्याचे नियम 2014 पासून लागू आहेत. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन तलावासाठी, पाणी साठवण्यासाठी, छोट्या सिंचनासाठी वळवता येते, हेक्टरी 75 हून जास्त झाडं तोडावी लागत नसतील तर. ग्रामसभेने ठराव करावा की या बंधाऱ्याचं पाणी माणशी वाटलं जाईल. कोण अडवतंय?

शंकेखोर : कुणी अडवत नाही, म्हणूनच मला शंका येते. एक हेक्टरच्या आतलं पाणी ग्रामसभेचं. त्याच्यावरचं? सूर्या नदीवर धामणीचं धरण झालं ते डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी म्हणून. आज त्याच सूर्येतून रोज 403 दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला द्यायची योजना आहे. कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पाण्याची वाट बघतो आणि पाण्याची वाहिनी शेजारून जाते. दापचरीला दुग्ध प्रकल्प झाला तो मुंबईतल्या गोठ्यांसाठी. कुर्झ्याचं धरण त्याच प्रकल्पाच्या निमित्ताने. दमणगंगा-पिंजाळ नदीजोडचं पाणीही मुंबईसाठी. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला जो शेतकऱ्यांचा मोर्चा चालत गेला, त्याच्या मागण्यांत वनहक्कांबरोबर नदीजोडात बुडणाऱ्या आदिवासी गावांचा प्रश्न होता, तो उगाच नाही. गोण्यांचं पाणी तुमचं, धरणाचं आमचं, अशी ही वाटणी आहे. मग तुम्ही मला गोणी शिवायला सांगता, तेव्हा मला वाटतं की मोठ्या पाण्याबद्दल बोलू नये म्हणून माझ्या हातात सुई दिली आहे.

उत्साही : हे अन्यायाचं बोलणं झालं. मीरा-भाईंदरच्या चाळीतल्या बाईलाही पाणी लागतं, तिचा हंडाही खोटा नाही. आणि सूर्येच्या कालव्याचं पाणी उद्या शेवटच्या टोकापर्यंत पोचलं, तरी ते तलासरीच्या डोंगरावर चढणार नाही. तिथल्या पाड्याने धरणाचा न्याय होईपर्यंत थांबायचं का? लढा आणि गोण्या, दोन्ही एकाच माणसाला करता येतात. 1945 मध्ये तलासरीच्या झरी गावात वारली जमले, गोदावरी आणि शामराव परुळेकरांसह वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, तेव्हा त्यांनी आधी सगळं राज्य बदलेल याची वाट पाहिली नव्हती. गवतकापणीचा दर मागितला. 500 पौंडांना अडीच रुपये. इतकी नेमकी, हातात मोजून घेता येईल अशी मागणी.

शंकेखोर : गवत काढलंत ते बरं केलंत. ते गवत जायचं कुठे? मुंबईच्या तबेल्यांना. म्हणजे डहाणूचं पाणी गवताच्या रूपाने तेव्हाही मुंबईलाच जात होतं. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. या जमिनीला पावसाळ्यात आपसूक जे येतं ते गवत, नागली, वरई आणि जंगल. त्याला साठवलेला थेंब लागत नाही. घाटावरची माणसं इथे आली की त्यांना रब्बी नाही म्हणून जमीन वाया गेली असं वाटतं. मग दुसरं पीक, तिसरं पीक, मोगरा. उद्या सगळ्यांनीच मोगरा लावला तर दादरचा भाव काय होईल? किनाऱ्यावर घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या बागा बघा. त्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं. पण त्या बागा सखल भागात, विहिरींवर उभ्या आहेत आणि डोंगरातली माणसं त्यांत मजूर म्हणून जातात. वर डोंगरात त्याची छोटी नक्कल करून आपण काय मिळवणार? पावसाला जे जमतं त्याच्यावर जगता येईल असा भाव आधी मिळवावा. नागलीला, चाऱ्याला, मोहाला.

उत्साही : गवताच्या त्या दिवसांत इथला माणूस सावकाराच्या शेतात राबत होता, हे विसरू नका. पावसाळी पिकावर जगणं ही तेव्हाही कुणाची निवड नव्हती. आणि आज पोरीला शाळेत ठेवायचं, मोबाइल हवा, दवाखाना हवा, तर चार महिन्यांच्या नागलीवर ते भागत नाही. तिला दुसरं पीक नको, हे तुम्ही तिच्या वतीने ठरवू नका.

शंकेखोर : मान्य. पण हवंय, हेही तुम्ही ठरवू नका. कदाचित तिला वापीतली पाळीच हवी असेल, महिन्याला ठरलेला पगार. मग शेतीच्या पाण्यावर खर्च करण्यापेक्षा मे महिन्याची झाकलेली टाकी आणि वेळेवर येणारी बस तिच्या जास्त उपयोगाची. तिला कोण विचारतंय?

उत्साही : म्हणजे प्रश्न ग्रामसभेत जायला हवा.

शंकेखोर : कोणत्या महिन्यातल्या? ज्यांनी ठरवायचं ते नोव्हेंबर ते मे गावात नसतात.

उत्साही : तर मग श्रावणात. आवणी आटोपून कापणीला अजून अवकाश असतो तेव्हा, मुकादम पाड्यावर यायच्या आत. त्या सभेत दोनच गोष्टी ठरवाव्यात : यंदा बंधारा घालायचा का, आणि घातला तर पाणी माणशी वाटायचं का. आणि सरकारला माझी मागणी अशी राहील की ज्यांनी 'थांबतो' म्हटलं, त्यांना मजुरीचा पहिला हप्ता काम सुरू व्हायच्या आधी द्यावा. मुकादमाला जमतं ते सरकारला का जमू नये?

शंकेखोर : मुकादमाला जमतं, कारण बयाणा घेतलेला माणूस आला नाही तर तो त्याला शोधून काढतो. सरकारने आधी पैसे दिले आणि माणूस तरीही भट्टीवर गेला, तर सरकार काय करणार? वसुलीची नोटीस काढणार? मग तुम्ही दुसरा मुकादम तयार केलात. आणि वसुली करायची नसेल, तर पहिल्याच वर्षी लेखापरीक्षक विचारेल, गोण्या कुठे आहेत.

उत्साही : तो विचारेल तेव्हा गोण्या वाहून गेलेल्या असतील, हे त्याला आधीच सांगून ठेवावं लागेल. वनराई बंधारा जूनमध्ये जायचाच असतो. मोजायचं असेल तर त्याने गोण्या मोजू नयेत. होळीच्या दिवशी पाड्यावर किती घरांची चूल पेटलेली आहे, ते मोजावं.

शंकेखोर : होळीला सगळेच येतात हो, भट्टीवरचेही. सण आहे तो. मोजायचंच असेल तर जानेवारीच्या एखाद्या साध्या मंगळवारी मोजा.